हिरव्या ओळीतला 24.6

चौदा महिन्यांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत काकांच्या अहवालावर बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ओळ पिवळी होती. 29.8, जादा वजन. खाली छापील सूचना, 'वजन कमी करा'. या खेपेला तीच ओळ हिरवी आली. 24.6, सामान्य. घरच्यांना हायसं वाटलं, तपासणी केंद्रातल्या माणसानेही 'छान उतरवलंत' म्हणून दाद दिली. ओपीडीत ते आले ते वेगळ्याच कारणाने. जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, एवढीच तक्रार, आणि तीही त्यांनी नाही, सोबत आलेल्या मुलीने सांगितली.

'काका' म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. शिकवताना हाताशी असावं म्हणून हे प्रकरण मी बांधलं आहे. त्यांचं वय, मापं, संवाद हे सगळं त्या बांधणीतलं. फुप्फुसांच्या ओपीडीत अशी माणसं मात्र नवी नाहीत. आणि पुढे संशोधनाचे जे आकडे येतात ते प्रसिद्ध झालेले, खरे आहेत.

दारातून आत येताना

वय 66, निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं सिगारेट, चार वर्षांपूर्वी सोडली. रक्तदाबाची एक गोळी चालू. गेल्या दोन हिवाळ्यांत खोकला वाढला तेव्हा तीन-चारदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स झालेला.

तपासायच्या आधीच पुष्कळ काही दिसत होतं. खुर्चीत बसताना दोन्ही हातांचा आधार. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपराच्या दिशेने घसरायचं. कानशिलं खोल गेलेली, मानेभोवती कॉलर मोकळी. पोट मात्र जागच्या जागी. शर्टाची खालची दोन बटणं अजून ताणलेलीच. गालफडं बसलेला आणि पोट सुटलेला माणूस एकाच वेळी समोर बसलेला असतो, तेव्हा वजनकाट्याकडे जायची घाई करू नये.

"वजन मुद्दाम कमी केलंत का?"

"हो तर. गेल्या वर्षी सांगितलं होतं ना. रात्रीचं जेवण सोडलं."

"सोडलं नाही बाबा, सुटलं," मुलगी म्हणाली. "चार घास झाले की तुम्हाला दम लागतो, म्हणून पानावरून उठता."

या प्रकरणातला निदानाचा सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. 86 किलोवरून 71 वर, म्हणजे 15 किलो, मूळ वजनाच्या 17 टक्क्यांहून जास्त. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात 5 टक्के वजन गेलं तरी कारण शोधायला लागायचं, हा साधा नियम आहे. इथे तो कोणाला आठवला नाही, कारण 'वजन कमी करा' असा सल्ला आधीच दिलेला होता आणि वजन कमी झालं होतं. सल्ला आणि परिणाम लागोपाठ आले, की मधे काय घडलं हे विचारायचं राहून जातं.

फूटपट्टी आणि टेप

काकांची उंची दोन्ही अहवालांत 170 सेंटिमीटर लिहिलेली होती. कधी मोजली, असं विचारल्यावर कळलं की नोकरीत रुजू होताना! त्यानंतर दर वेळी 'उंची किती?' या प्रश्नाला ते तोच आकडा सांगत आले आणि तोच संगणकात चढत गेला. भिंतीला टेकवून मोजली तर 167 भरली. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, कणा वाकतो, स्टेरॉइडमुळे हाडंही ठिसूळ होतात. तीन सेंटिमीटर जाणं ही काही अजब गोष्ट नाही. पण बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग असतो, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही हिशेब हलतो. 71 किलोला 1.70 च्या वर्गाने भागलं तर 24.6, आणि 1.67 च्या वर्गाने भागलं तर 25.5. ज्या हिरव्या रंगावर घरचे निर्धास्त झाले होते, तो मुळात मिळायलाच नको होता.

(याचा अर्थ 25.5 ही खरी बातमी होती असा मात्र नाही. 25 च्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, काकांच्या शरीरात त्या रेषेवर काहीच घडत नव्हतं.)

टेप पोटाभोवती गुंडाळली: 97 सेंटिमीटर. म्हणजे उंचीच्या 0.58 पट. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा आता बराच रुळलेला ठोकताळा आहे आणि काका त्याच्या बरेच वर होते. पोटरीचा घेर 31 सेंटिमीटर; आशियाई पुरुषांसाठी 34 च्या खाली गेला की स्नायू घटल्याची शंका घेतात. हाताच्या पकडीची ताकद 22 किलो. 28 च्या खाली ती कमी धरतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला 17 सेकंद लागले, बाराच्या आत जमायला हवं होतं.

या चार मापांना मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पुढच्या तपासण्यांनी चित्र पुरं केलं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजायच्या तपासणीत, श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या 44 टक्केच, आणि एकूण सोडलेल्या हवेशी तिचं प्रमाण 0.51. सिगारेटचा इतिहास धरला तर हा सीओपीडीच, श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये एम्फायसीमा (फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्यांची झीज) दिसला, गाठ नव्हती. साखर, थायरॉइड, थुंकी, सगळं ठीक. सहा मिनिटांत ते 310 मीटर चालले, मधे एकदा भिंतीला टेकून.

शरीरातली चरबी आणि बाकीचं वजन वेगवेगळं मोजणारा डेक्सा स्कॅन केला. 71 किलोंपैकी चरबी 24.1 किलो, म्हणजे 34 टक्के. उरलेलं स्नायू, हाडं, पाणी, अवयव वगैरे मिळून 46.9 किलो. या चरबीविरहित वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की 16.8 येतात. पुरुषांत 17 च्या खाली गेलं की ते कमी मानतात. चौदा महिन्यांपूर्वीचा स्कॅन नाही, त्यामुळे गेलेल्या 15 किलोंत स्नायू किती हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पोट शाबूत ठेवून दंड, मांड्या आणि पोटऱ्या आटल्या होत्या, हे बघायला स्कॅनची गरजही नव्हती.

कारण सरळ होतं. फुगून राहिलेली फुप्फुसं छाती आणि पोटामधल्या पडद्याला खाली दाबतात, थोडं खाल्लं की पोट गच्च वाटतं आणि श्वास अडतो. श्वास घेण्याच्या कष्टातच जास्त ऊर्जा जळते. दम लागतो म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी म्हणून स्नायू आणखी वाळतात. त्यात अंगभर रेंगाळणारा दाह आणि स्टेरॉइडचे कोर्स. असा माणूस खंगत जातो आणि अहवाल मात्र दर वर्षी सुधारत जातो.

हा भागाकार आला कुठून

वजन भागिले उंचीचा वर्ग, हे समीकरण बेल्जियमच्या आडोल्फ केटले यांचं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. 1830 च्या दशकात ते 'सरासरी माणूस' शोधत होते. प्रौढ माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांना आकडेवारीत दिसलं. लठ्ठपणा किंवा मृत्यू हा त्यांचा विषयच नव्हता. 1972 मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सुमारे 7,400 पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळे निर्देशांक ताडून पाहिले, त्यात हा सोपा आणि बऱ्यापैकी ठरला, म्हणून त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला तो आजही सोयीचा आहे. समोरच्या एकट्या माणसाचं भविष्य त्यातून वाचायची सवय नंतर लागली.

रेषाही दगडावर कोरलेल्या नाहीत. अमेरिकेत 1998 पर्यंत जादा वजनाची रेषा पुरुषांसाठी 27.8 आणि स्त्रियांसाठी 27.3 होती, त्या वर्षी ती दोघांसाठी 25 वर आणली. कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता 'जादा वजनाचे' झाले. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे सावधानतेचे टप्पे सुचवले, कारण तितक्याच बीएमआयला त्यांच्या अंगात चरबी जास्त सापडते.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर मजकूर आणि एक छायाचित्र छापून आलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. मी वर्गात हे चित्र दाखवतो तेव्हा पुढचा अर्धा तास बोलायची गरज उरत नाही.

तरी चरबी किती, हा अर्धाच प्रश्न. ती कुठे आहे, हे निदान तितकंच महत्त्वाचं. मांडीवरची चरबी आणि आतड्यांभोवती, यकृतात साठलेली चरबी यांची वागणूक अगदी निराळी. 52 देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराचा संबंध बीएमआयपेक्षा ठळक निघाला. काट्यावर उभं राहिलं की चरबी, स्नायू, हाड यांचा एकच ढीग होतो. पाण्याचाही; हृदय निकामी होऊन पायांवर सूज आली तरी बीएमआय 'वाढतो'.

काका आकडेवारीत कुठे बसले असते

आता मरणाच्या धोक्याकडे. बीएमआय आणि मृत्यूचा आलेख वाटीसारखा असतो, दोन्ही कडांना धोका जास्त आणि मधे तळ. भांडण आहे ते तळ कुठे, यावर.

2013 मध्ये अमेरिकन संशोधक कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी 97 अभ्यास एकत्र केले. 28 लाखांहून जास्त माणसं, सुमारे 2 लाख 70 हजार मृत्यू. निष्कर्ष खळबळजनक होता. 25 ते 30 या पट्ट्यातल्या लोकांचा मृत्युधोका 'सामान्य' पट्ट्यापेक्षा 6 टक्क्यांनी कमी. 35 च्या वर तो 29 टक्क्यांनी जास्त. मग 2016 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने 239 अभ्यासांतल्या एक कोटी सहा लाख लोकांची माहिती घेतली आणि ती गाळून पाहिली. कधीही धूम्रपान केलेले लोक काढले, सुरुवातीलाच जुनाट आजार असलेले काढले, पहिल्या पाच वर्षांत मरण पावलेले काढले. उरले सुमारे 39 लाख 50 हजार. त्यांच्यात तळ 20 ते 25 मध्ये सापडला. 25 ते 27.5 मध्ये धोका 7 टक्क्यांनी जास्त, 27.5 ते 30 मध्ये 20 टक्क्यांनी, 30 ते 35 मध्ये 45 टक्क्यांनी.

दोन्ही गटांना आकडेमोड येत नव्हती असं थोडंच आहे? इथे काकांना मधे उभं केलं की भानगड लक्षात येते.

समजा, तपासणीच्या त्या हिरव्या दिवशी काका अशाच एका अभ्यासात दाखल झाले. नोंद होणार 24.6. सहा वर्षांनी त्यांचं फुप्फुस थकलं आणि ते गेले, तर तो मृत्यू 'सामान्य वजन' या रकान्यात जमा होणार. चौदा महिने आधी ते 29.8 वर होते, ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसणार. त्याच रकान्यात जन्मभर 24.6 वर राहिलेला, रोज पाच किलोमीटर चालणारा माणूसही असणार. काकांसारखे काही हजार लोक त्या रकान्यात आले की त्याची सरासरी बिघडते, आणि शेजारचा 'जादा वजना'चा रकाना आपोआप उजळ दिसू लागतो. वजन कमी म्हणून आजार झाला, असं इथे नाही. आजार होता म्हणून वजन गेलं. धूम्रपान यात आणखी गोंधळ घालतं, कारण ते माणसाला बारीकही ठेवतं आणि लवकर मारतंही.

2016 च्या गाळणीत काका पहिल्याच जाळीला अडकले असते, सिगारेटमुळे. हिशेब स्वच्छ झाला खरा. पण फ्लेगल यांचा आक्षेपही झटकून टाकण्यासारखा नाही: इतकी माणसं काढून टाकल्यावर जे उरतात, त्यांचा निष्कर्ष बाकीच्यांना कसा लावायचा? माझ्यापुरतं मी असं मानतो की कधी न ओढलेल्या, निरोगी, पन्नाशीच्या आतल्या माणसाने 2016 चा तक्ता बघावा. साठी ओलांडलेल्या, दोन आजार बाळगून असलेल्या माणसासाठी हे दोन्ही तक्ते अपुरे आहेत. 65 च्या पुढच्या लोकांवरचं एक एकत्रित विश्लेषण 2014 चं आहे, 32 अभ्यास आणि जवळपास दोन लाख लोकांचं. त्यात धोका वाढू लागतो तो 23 च्या खाली, आणि वरच्या बाजूला थेट 33 च्या पुढे. म्हणजे सत्तरीतल्या माणसाला 27 वरून 23 वर आणल्याबद्दल पाठ थोपटून घेण्याआधी जरा थांबावं.

अँड्र्यू स्टोक्स आणि सॅम्युअल प्रेस्टन या संशोधकांनी 2016 मध्ये याच गाठीला वेगळ्या टोकाने हात घातला. आजचं वजन न घेता त्यांनी लोकांचं आयुष्यातलं सर्वाधिक वजन घेतलं. आज 'सामान्य' दिसणाऱ्यांतले जे पूर्वी जाड होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. त्यांना त्या रकान्यातून बाजूला केल्यावर लठ्ठपणाचा धोका आणखी स्पष्ट झाला. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे: 'आजवरचं सगळ्यात जास्त वजन किती आणि कधी?' काकांनी क्षणभर विचार करून सांगितलं, "नव्वद. निवृत्तीच्या वर्षी."

सीओपीडीच्या तक्त्यातही तीच चूक

सीओपीडीच्या रुग्णाचा पुढचा अंदाज बांधायला 'बोड' निर्देशांक वापरतात, 2004 चा. त्यात चार गोष्टींना गुण: बीएमआय, श्वासनलिकांचा अडथळा, धाप आणि चाल. गुण जितके जास्त तितका धोका जास्त. काकांना अडथळ्याचे 2, धापेचा 1, चालण्याचा 1 मिळाला. बीएमआयचे? शून्य. कारण तिथे गुण लागतो तो 21 किंवा त्याखाली. म्हणजे एकूण 10 पैकी 4. पंधरा किलो गमावलेल्या माणसाच्या वजनाबद्दल तक्त्याला काहीच म्हणायचं नव्हतं! चरबीच्या जाड अस्तराखाली स्नायूंची घट झाकली गेली होती.

डेन्मार्कमधल्या सीओपीडी रुग्णांवरच्या 2006 च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं. बीएमआय सामान्य असलेल्यांतही ज्यांचं चरबीविरहित वजन कमी होतं त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. आणि ताकदीबद्दल म्हणाल तर 17 देशांतल्या जवळपास 1 लाख 40 हजार लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात पकड दर 5 किलोंनी कमी असली की मृत्युधोका 16 टक्क्यांनी वाढलेला आढळला. एक साधं मुठीत दाबायचं उपकरण, पण वरच्या रक्तदाबापेक्षाही जास्त सांगून गेलं.

मग बीएमआय फेकून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. 18 चा किंवा 38 चा आकडा समोर आला की तो ऐकायचाच. टोकाला तो क्वचित खोटं बोलतो. मधल्या पट्ट्यात मात्र त्याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही. 2023 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही तो इतर मापांच्या जोडीनेच वापरावा असा ठराव केला. 2025 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या आयोगाने लठ्ठपणाचं निदान करताना कंबरेचं माप किंवा चरबीची थेट मोजणी सोबत हवी असं सांगितलं. 40 च्या वरच तेवढी त्यातून सूट.

पुढचे सहा महिने

काकांना श्वासावाटे ओढायची औषधं सुरू झाली, लसी दिल्या. 'वजन कमी करा' हा सल्ला मागे घेतला, आणि तो तोंडी न घेता कागदावर लिहून, कारण छापील वाक्याला माणसं जास्त मानतात. दिवसातून तीनदा पोटभर जेवण्याऐवजी सहा वेळा थोडं थोडं, प्रत्येक वेळी काहीतरी प्रथिनांचं. आठवड्यातून तीन दिवस फुप्फुस पुनर्वसनाचा वर्ग: चालणं, खुर्चीतून उठबस, दंडांना हलकी वजनं. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी दोनदा 'हे माझ्याच्याने होणार नाही' म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तक्रार बदलली. गुडघे दुखतात, असं म्हणाले. मी ते सुचिन्ह मानलं.

सहा महिन्यांनी वजन 74 किलो. स्कॅनमध्ये चरबीविरहित भाग 46.9 वरून 48.7 वर, चरबी 24.1 वरून 25.3 वर. पकड 26 किलो, अजून कमीच, पण सरकली होती. सहा मिनिटांत 352 मीटर, न थांबता. जिन्याच्या वळणावर आता थांबत नाहीत, असं मुलीने सांगितलं, काकांनी दुरुस्ती केली, "थांबतो, पण खालच्यांशी बोलायला."

त्याच आठवड्यात वार्षिक तपासणीचा नवा अहवाल आला होता. या वेळी उंची खरोखर मोजलेली, 167. बीएमआय 26.5. ओळ पुन्हा पिवळी, आणि खाली संगणकाने छापलेलं तेच वाक्य, 'वजन कमी करा'. मुलगी ते बोटाने दाखवत विचारत होती, "आता काय करायचं?" काकांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि शिक्षकाच्या सवयीने त्या वाक्यावर आडवी रेघ मारली.